धोंड्याच्या ताटातली दोन ग्राफिक्स कार्डं

जावयाला धोंड्याच्या महिन्यात काय द्यावं, याचे नियम कोरेगावच्या माझ्या सासूबाईंइतके कुणाला पाठ असतील असं मला वाटत नाही. वाण जाळीदार पाहिजे, म्हणजे अनारसे, बत्तासे, गेलाबाजार म्हैसूरपाक. सोनं गुंजभर का होईना, पाहिजेच. आणि तिसरा नियम त्यांनी स्वतः घातलेला, आमच्या घरापुरता: दोन्ही जावयांना तंतोतंत सारखं. या तीन नियमांत ग्राफिक्स कार्ड बसवून दाखवायचं, असा डाव मी आणि माझ्या साडूनं यंदा टाकला.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो साताऱ्याचा, एका पतसंस्थेत असतो. मी कवठे महांकाळचा, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर देखरेखीला. दोघांनी पस्तिशी ओलांडली आहे, पण रविवारी दुपारी जेवणं झाली की तो तिकडे आणि मी इकडे कॉम्प्युटरसमोर बसतो आणि इंटरनेटवरून एकाच टोळीत बंदुका घेऊन फिरतो. दोघांच्याही कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे खेळातली चित्रं भराभर काढून पडद्यावर फेकणारी ती पाटी, इतकी म्हातारी झाली होती की शत्रू आम्हाला दिसायच्या आधी आम्ही त्याला दिसायचो. मरून मरून कंटाळा आला होता. नवं कार्ड घ्यायचं म्हटलं तर दोन्ही घरांत एकच प्रश्न आला असता, की याचं आपल्याला काय काम. सासऱ्यांनी दिलेल्या वस्तूला मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही.

सासरे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा फोन आला, "बोला जावईबापू, काय पायजे यंदा?"

मी म्हणालो, "मामा, एक कार्ड पाहिजे."

पलीकडे त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. मग ते म्हणाले, "कँटीनचं कार्ड मी कुणाला देत नसतू."

त्यांना समजावायला साडूनं फोटो पाठवला आणि फोन सासूबाईंकडे द्यायला लावला. हा गडी पतसंस्थेत ठेवी गोळा करतो, त्याच्या जिभेला हाड नाही. त्यानं फोटो मोठा करून एकेक गोष्ट दाखवली. "मामी, ही खालची किनार बघा, सोन्याचं पाणी हाय. आन् ही वरची बाजू बघा, सगळी जाळीच जाळी. वारं इकडनं शिरतं, तिकडनं निघतं. अनारशाला तरी एवढी भोकं आस्त्यात का?" सासूबाईंनी चष्मा लावून जाळी तपासली. सोनं आहे, जाळी आहे, म्हणजे शास्त्राला धरून आहे, असा निकाल त्यांनी दिला. मग फक्त म्हणाल्या, "पर दोगास्नी सारकंच पायजे. त्यात मी ऐकणार न्हाई."

हा सारखेपणाचा ध्यास त्यांना का लागला, ते सांगितलं पाहिजे. आमच्या लग्नानंतरचा पहिला धोंडा आला तो कोरोनाच्या वर्षी. रस्ते बंद, माणसं बंद. सासूबाईंनी अनारसे केले, स्टीलच्या डब्यात भरले आणि भाजीच्या टेम्पोवाल्याच्या हाती धाडले. टेम्पो कोरेगावहून निघून कुठं कुठं हिंडत कवठे महांकाळला पोचला, तोवर डब्यात अनारसे राहिले नव्हते, भुगा होता. बायकोनं तो दुधात कालवून खाल्ला आणि खाताना रडली. पुढच्या खेपेला धाकटीचं लग्न झालेलं होतं. रस्ते उघडे, सासरे निवृत्त होऊन घरी, सगळं गणगोत जमलेलं. मांडव घालून धाकट्या जावयाचा धोंडा झाला. आम्हीही गेलो, आम्हालाही ताट मिळालं, पण पहिल्या धोंड्याचा मान तो पहिलाच. तो स्टीलचा डबा मात्र बायकोनं माहेरी परत दिला नव्हता. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर पालथा ठेवला होता, आणि कधी विषय निघालाच तर म्हणायची, "आपला धोंडा डब्यातनं आला." सासूबाईंना हे माहीत होतं. लेक वरून कितीही हसली तरी डबा परत येत नाही, म्हणजे आत काय आहे ते आईला कळतंच. थोरलीला पुन्हा काही कमी पडता कामा नये, एवढ्या एका काळजीनं त्या बाईंनी यंदाचा धोंडा मांडला होता.

कार्डं आणायला सासरे एकटे साताऱ्याला गेले. साडू बरोबर येतो म्हणाला, तर म्हणाले, "वाण घेणारानं दुकानात याचं नसतं." जुने सुटे भाग विकणारं दुकान त्यांनी गाठलं आणि फौजी हिंदीत फर्मावलं, "दो नग, एक जैसा." आता जुन्या मालात एकसारखे दोन नग मिळायला ती काही बटाट्यांची गाडी नव्हे. दुकानदारानं त्यांना एक तांबड्या कंपनीचं आणि एक हिरव्या कंपनीचं दिलं. दोन्ही एकाच जमान्यातली, एकेकाळी एकमेकांच्या उरावर बसलेली, आणि आता दोघंही पेन्शनीत निघालेली. सगळं जग या दोघांनाच एकमेकांशी तोलतं, असं त्यानं सांगितल्यावर सासऱ्यांना वाटलं, तोलतात म्हणजे वजनाला सारखीच असणार. तरी त्यांनी दोन्हींना एकाच मापाचे खोके आणि एकाच रंगाचा चकचकीत कागद लावून घेतला.

धोंडा यंदा ऐन उन्हात आला. जेवायला पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, डोक्यावर पंखा गरम हवा ढवळतोय. जेवणानंतर दोन पाट, दोन तांब्याची ताटं, प्रत्येक ताटात अनारसे, दिवा आणि मध्ये खोका. सासऱ्यांनी खोके ठेवून दिले होते. सासूबाई ओवाळायला आल्या, ताटांकडे पाहिलं, म्हणाल्या, "ह्या दिव्याचं त्याल सांडंल," आणि दोन्ही खोके उचलून पुन्हा मांडले. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

खोके उघडले. माझ्या ताटात तांबडं निघालं, लांबलचक, दोन पंख्यांचं. साडूच्या ताटात हिरवं, आखूड, एका पंख्याचं. सासूबाईंनी गालावर हात ठेवला. "आगं बया. ह्याला दोन पंकं आन् त्याला एकच? आसं कसं हो?" हे त्या सासऱ्यांना म्हणाल्या. सासरे म्हणाले, "दोन्ही एकाच पल्टनीतली हायती." मग सासूबाईंनी दोन्ही कार्डांच्या सोनेरी किनारीवर, सोनं म्हणून, चिमूट चिमूट हळदीकुंकू वाहिलं. हळद सांगलीची होती, मीच नेलेली.

सारखेपणाचा प्रश्न उभा राहिल्यावर तो सोडवणं भागच होतं. साडूनं आपला कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर आणला होता, पट्टा बांधून. त्याची बायको पुढच्या सीटवर विनापट्ट्याची बसून आली म्हणून घरात आधीच एक भांडण झालं होतं. आम्ही तो सोप्यात टीव्हीला जोडला. सगळे जण समोर बसले. पहिला मान थोरल्याचा म्हणून माझं तांबडं कार्ड आत बसवलं आणि बटण दाबलं.

टीव्ही काळा. पंखे फिरतात, चित्र नाही. पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं, तरी नाही. मागं वळून पाहिलं तर बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. हळूच म्हणाली, "आपलंच बरं बंद निघतंय." सासूबाईंचा चेहरा असा उतरला की मला त्या कार्डाचाच राग आला.

साडू म्हणाला, माझं लावून बघू. त्याचंही लागेना. एवढं खरं की दोन्ही सारखीच बंद होती आणि तिसरा नियम अजून तरी मोडला नव्हता. मग त्यानं कार्ड उजेडात धरलं आणि मला कोपरानं ढोसलं. सोन्याच्या त्या बारीक दातांमध्ये सांगलीची हळद गच्च बसली होती. वीज जायची वाटच देवकार्यानं बंद केली होती. अशा वेळी शाळेतला खोडरबर लागतो, तो किनारीवर हलका घासला की ती लख्ख होते. पण सासूबाई आडव्या आल्या. "वाहिल्यालं कुंकू पुसायचं नसतं जावईबापू." बराच खल झाला. शेवटी असं ठरलं की किनारीवरचं पुसायचं आणि पंख्याच्या मधल्या चकतीवर एकेक बोट नव्यानं लावायचं. माझ्या कार्डाला दोन चकत्या, साडूच्या कार्डाला एक, म्हणून त्याच्या चकतीला दोनदा कुंकू लावलं.

यानंतर दोन्ही सुरू झाली. बायका आमरसाच्या तयारीला आत गेल्या आणि आम्ही दोघांनी खरी परीक्षा घेतली. गाड्या पळवायचा एक खेळ लावला. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसतो, सेकंदाला किती चित्रं निघतात त्याचा. साठ निघाली की डोळ्याला सगळं सुरळीत. हिरवं साठीच्या थोडं वर जायचं, तांबडं सत्तरीला शिवायचं. मग नवा, जड खेळ लावला. तिथं हिरव्याची दमछाक झाली. त्याची मेमरी सहा जीबी, तांबड्याची आठ. रानातून पळताना हिरव्याला झाडं आठवायला वेळ लागायचा. पण तांबडं असं तापलं आणि असं घोंघावायला लागलं की सासरे बाहेरून विचारत आले, "गिरण चालू केली का काय?"

आता खरी गोम सांगतो. मला हिरवंच हवं होतं. माझ्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय जुना, त्याला सहा पिनांची एकच वायर, आणि तांबडं आठ पिनांशिवाय तोंड उघडत नाही. शिवाय आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे घरात वेगळी शेगडी लागत नाही. आकड्यानं मागं असेल, पण कमी विजेवर थंड डोक्यानं चालणारं हिरवं मला लाखाचं होतं. साडूचं बरोबर उलटं. त्याच्याकडे दणकट पॉवर सप्लाय, आणि त्याला आठ जीबीची हाव. जुन्या मालात मेमरी जास्त असलेलं घ्यावं, ते पुढच्या धोंड्यापर्यंत तरी तग धरतं, असं त्याचं म्हणणं. दोघांच्या मनात एकच, पण पहिल्यांदा बोलायचं कुणी?

"तुमचं फारच तापतंय हो साडू," तो म्हणाला. "तुमच्या तिकडं न्हाई टिकायचं."

"गड्या, दोन पंखे हायत," मी म्हणालो. "आणि सासूबाईंनी दिलंय. माझा जीव होत नाही सोडायचा."

जी वस्तू मला नको होती ती सोडायला मी इतका भाव खाल्ला की शेवटी त्यानं कबूल केलं, इथून पुढं खेळात दारातून आधी तो शिरेल, गोळ्या तो खाईल, मी मागं राहीन. मगच मी तांबडं देऊन हिरवं घ्यायला राजी झालो. खोके सारखे, कागद सारखा. अदलाबदल करायला एवढी सोय सासऱ्यांनीच करून ठेवली होती.

उरला सासूबाईंच्या समाधानाचा प्रश्न. त्यांना सत्तर आणि साठ असे दोन आकडे दिसले असते तर त्यांची झोप उडाली असती. साडूनं यावर तोड काढली. खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन त्यानं चित्रांना साठाची वेसण घातली. कार्डात कितीही दम असो, साठाच्या वर पाऊल नाही. मग आमरसाच्या वाट्या घेऊन सगळे आले, आम्ही आळीपाळीनं दोन्ही कार्डं लावून तीच गाडी त्याच रस्त्यानं पळवली. कोपऱ्यात साठ. दुसऱ्या खेपेला पुन्हा साठ. सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली, "बघा, एक जैसा!" बायकोनं दोन्ही वेळा आकडा पाहिला आणि पुढं गुमान आमरस खाल्ला.

सासूबाई "बरं झालं" म्हणाल्या. पण इतका खटाटोप करून त्यांच्या तोंडावर जो आनंद दिसायला हवा होता, तो काही दिसला नाही. दमल्या असतील, असं आम्हाला वाटलं. आपण किती हुशार, या आनंदात आम्ही दोघंच होतो.

ऊन कलल्यावर दोन्ही गाड्या निघाल्या. साडू पुढं गेला. आम्ही गावाबाहेर पडतोय, तोच बायकोनं मांडीवरच्या खोक्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "आवं, एक सांगू का? कुणाला बोलायचं न्हाई पण."

मी मान हलवली.

"निगताना आईनं मला कोनाड्याशी ओढलं. म्हणाली, टीव्हीवर साठ दिसलं तर दिसू दे, तुजा आठाचा हाय, तिचा सहाचा. मीच दुकानदाराला फोनवर इचारलं हुतं, थोर कुटला म्हणून. तुज्या बानं उलटं ठिवलं हुतं, मी वजनावरनं वळकून, बदलून तुज्या ताटात ठिवला. त्या साली भुगा आला तुज्या वाट्याला, त्याचं हाय हे. धाकटीला कळू देऊ नगंस." एवढं सांगून ती खिडकीबाहेर बघायला लागली. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग हसून म्हणाली, "माज्या आईनं मला जास्त दिलं."

तिच्या मांडीवरच्या खोक्यात हिरवं होतं, सहाचं.

सारखंच पाहिजे, सारखंच पाहिजे, असा घोष लावून त्या माउलीनं सगळ्या घराच्या डोळ्यांत धूळ फेकली होती, आणि आम्ही दोन शहाण्यांनी तिचंच मन नकळत धाकटीच्या गाडीत टाकून दिलं होतं. वर साठाची वेसण घालून तिला खोटंही पाडलं होतं. मी गाडी कडेला घेतली आणि म्हणालो, "माझा चार्जर साडूच्या गाडीत राहिला."

बायको म्हणाली, "ह्यो काय, तुमच्या खिशात हाय की."

"हा नाही, दुसरा." मी गाडी वळवली आणि तिच्या नकळत साडूला मेसेज टाकला, असशील तिथं थांब. तो सातारा रस्त्याच्या पेट्रोल पंपावर थांबला. तिथं पोचल्यावर दोघी बहिणी उसाचा रस प्यायला रसवंतीकडे गेल्या, एकमेकींना पुन्हा भेटून इतक्या खूश की जणू वर्षानं भेटत होत्या. आम्ही हवा भरायच्या यंत्रामागं उभे राहिलो. मी त्याला सगळं सांगितलं. सांगितल्याशिवाय तो आठ जीबी सोडणार नव्हता.

तो म्हणाला, "म्हंजे मामींनी मला कमी दिलं व्हय?"

"तुला नाही रं. तुझा धोंडा मांडवात झाला. हिचा डब्यातनं आला."

त्यानं रसवंतीकडे पाहिलं. माझी बायको धाकटीच्या ग्लासात आपला बर्फ टाकत होती. त्यानं डिकी उघडली, खोका काढून माझ्या हातात दिला आणि माझा घेतला. "आमच्या हिला कवाच कळता कामा न्हाई," तो म्हणाला. "आन् दारातनं पयल्यांदा मी शिरायचं, ते रद्द. आता तुमी शिरायचं, साडू. गोळ्या तुमी खायच्या."

मी कबूल झालो. दुसरं काय करणार होतो?

घरी आल्यावर तांबड्यासाठी नवा पॉवर सप्लाय घ्यावा लागला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. कार्ड बसलं, सुरू झालं आणि खोली तापायला लागली. शेजारी विचारतो, मिक्सर इतका वेळ काय वाटताय. जमाखर्च मांडायचा तर थंडपणात, शांतपणात, विजेच्या बिलात हिरवं सरस, आणि आकड्यांत, मेमरीत तांबडं. माझ्यासारख्यानं कुठलं घ्यावं, असं मला कुणी विचारलं तर मी आजही हिरवंच सांगेन. फक्त आमच्या घरात तसं बोलत नाही. मी घामाघूम होऊन पंखा माझ्याकडे वळवायला गेलो, तर बायको स्वयंपाकघरातून म्हणते, "चालू द्या. आठाचा हाय."

एका रविवारी मी दारातून आधी शिरून नेहमीप्रमाणे मेलो, तेव्हा ती स्टुलावर उभी राहून वरच्या फळीवरून काहीतरी काढत होती. स्टीलचा डबा होता. तिनं तो घासला, पुसला, माझ्याच कोल्ड स्टोरेजचा हिरवा लांबोडा बेदाणा त्यात गळ्यापर्यंत भरला आणि कोरेगावला जाणाऱ्या ओळखीच्या गाडीत दिला.

पुढच्या आठवड्यात डबा परत आला. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. आत अनारसे होते, कागदाच्या घड्यांत एकेक वेगळा ठेवलेला. तिनं ओट्यावर ते मांडून पाहिले, फिरवून फिरवून. एकही मोडला नव्हता. पहिला तिनं स्वतः खाल्ला, उभ्यानंच, मला विचारलंसुद्धा नाही.